मराठवाड्यात मापाची चामडी चप्पल करून घ्यायची असेल तर

पंजा रुंद आणि टाच निमुळती असलेल्या माणसाला दुकानातली तयार चप्पल सहसा दोन तऱ्हांनी त्रास देते. पंजाला बसली तर ती टाचेकडून निसटते, आणि टाचेला बसली तर करंगळीला चावते. माझे पाय नेमके असेच आहेत, आणि शिक्षकाच्या नोकरीत दिवसाचे पाच-सहा तास उभे राहण्यात जात असल्याने हा त्रास अंगावर काढणे मला शक्य नव्हते. मराठवाड्यात बदली होऊन आल्यावर मी पहिल्यांदा कारागिराकडून चप्पल करून घेतली ती वाया गेली. त्यानंतरचे जोड मात्र उत्तम झाले. हा फरक कशामुळे पडला ते नवख्या माणसाच्या उपयोगी पडावे म्हणून क्रमाने लिहीत आहे.

पहिल्या वेळी मी कारागिराला केवळ “नऊ नंबर” एवढेच सांगितले, चकचकीत चामडे पसंत केले आणि आठवड्याने पैसे देऊन जोड घेऊन आलो. मृगाच्या दोन पावसांत पट्टे सैल पडले आणि जून संपायच्या आत डाव्या चपलेचा पट्टा तळातून उपटून हातात आला. त्यांनी पाय मापला नाही ही त्यांची चूक होती. पण कुठे चालणार, किती चालणार, चपलेला पाणी लागणार की नाही, यांतले काहीच मी सांगितले नव्हते, ही माझी चूक होती.

आधी वापर ठरवावा

कारागिराकडे जाण्यापूर्वी चप्पल कशासाठी हवी आहे ते स्वतःशी पक्के करावे. मराठवाड्यात हा प्रश्न विशेष महत्त्वाचा आहे, कारण उन्हाळ्यात पारा चाळिशी ओलांडतो आणि पावसाळ्यात काळ्या जमिनीचा चिखल पायाला किलोभर चिकटतो. शेतात वावरायचे असेल, बाभळीच्या काट्यांतून जायचे असेल, तर टायरचा तळ लावलेली चप्पल अजूनही सर्वांत भरवशाची आहे. ती जड असते आणि वाकत नाही, परंतु काटा आत येऊ देत नाही. टायर मात्र तारेचा नसावा. तारेच्या टायरच्या कापलेल्या कडेतून बारीक तार बाहेर येऊन पायाला लागते. शाळा, कचेरी, बाजार अशा रोजच्या वापराला चामड्याचा तळ आणि त्याखाली पातळ रबरी शीट हा मेळ सोयीचा ठरतो. संपूर्ण चामडी तळाची चप्पल कोरड्या दिवसांत आणि सणासमारंभात घालावी.

ज्यांना मधुमेह आहे आणि तळपायांची संवेदना कमी झाली आहे, त्यांनी आधी डॉक्टरांचा सल्ला घ्यावा. अशा पायांना अंगठ्यात अडकणारी किंवा बोटांच्या बेचक्यात पट्टा असलेली चप्पल अपायकारक ठरते, कारण जखम झालेली कळत नाही. त्यांच्यासाठी एम.सी.आर. नावाच्या मऊ रबराचा आतला तळ, टाचेमागून धरणारा पट्टा आणि एकही खिळा नसलेली जोडणी हवी. हे काम जमणारा कारागीर मिळाला तर उत्तम, अन्यथा ते वैद्यकीय पादत्राणे करणाऱ्या केंद्राकडेच सोपवावे.

कारागीर कुठे सापडतो

चपलांच्या झगमगीत दुकानात विचारून उपयोग होत नाही. तिथला माल बाहेरून आलेला असतो. शोध सुरू करायचा तो मोंढा म्हणजे धान्यबाजार, आठवडी बाजार आणि एसटी स्टँडच्या परिसरातून. लातुरात गंजगोलाईपासून आरंभ करता येतो. १९१७ साली बांधलेल्या त्या गोल इमारतीभोवती सोळा रस्ते फुटतात, आणि त्यांवरील बाजारपेठांत दागिन्यांपासून पादत्राणांपर्यंत सर्व काही विकले जाते. छत्रपती संभाजीनगरात जुन्या शहरातील पेठा पायी हिंडाव्यात. तालुक्याच्या गावी असाल तर काम अधिक सोपे आहे : बाजाराच्या दिवशी एखाद्या वयस्कर शेतकऱ्याच्या पायात हाताने शिवलेली वहाण दिसली की “मामा, ही कुणाकडून करून घेतली?” असे सरळ विचारावे. मला माझे आजचे कारागीर असेच सापडले. त्या मामांनी केवळ नाव सांगितले नाही, दुकानापर्यंत सोबत आले.

रस्त्याच्या कडेला पत्र्याच्या स्टॉलमध्ये बसून दुरुस्ती करणाऱ्यांना शासकीय भाषेत गटई कामगार म्हणतात, आणि समाजकल्याण विभागाच्या योजनेतून त्यांना हे स्टॉल मिळतात. त्यांच्यापैकी अनेकांना नवा जोड करता येतो, परंतु मागणीच नसल्याने ते स्वतःहून बोलत नाहीत. विचारले तर कळते. जे स्वतः करत नाहीत ते करणाऱ्याचा पत्ता देतात. संत रोहिदास चर्मोद्योग व चर्मकार विकास महामंडळाच्या जिल्हा कार्यालयातही चौकशी करून पाहावी. याशिवाय बैलांचे घुंगरांचे पट्टे, चाबूक असा साज करणाऱ्यांकडे जाड चामडे शिवण्याचा हात असतो. नांदेड जिल्ह्यातील माळेगावच्या खंडोबाच्या यात्रेत जनावरांचा मोठा बाजार भरतो. तिथे असा साज विकणाऱ्यांशी बोलून पाहणे फायद्याचे ठरते.

इथे एक गोष्ट मनापासून सांगावीशी वाटते. हा व्यवसाय पिढ्यान्‌पिढ्या जातीने माथी मारला गेला, आणि ज्या कुटुंबांनी शिकून तो सोडला त्यांनी तो विचारपूर्वक सोडला. म्हणून कुणाच्या आडनावावरून किंवा वस्तीवरून “तुमच्याकडे चपला करतात ना?” असे कधीही विचारू नये. जे आज हे काम करतात त्यांना कारागीर म्हणावे, वयाप्रमाणे दादा किंवा मामा म्हणावे, आणि पाय मापून घेताना त्यांच्यासमोर खुर्चीवर ताठ बसून पाय पुढे करण्याऐवजी शक्य असेल तर त्यांच्या बरोबरीने खाली बसावे.

पारख करायची ती दुरुस्तीवरून

नवा जोड सांगण्याआधी आपली एखादी जुनी चामडी चप्पल दुरुस्तीला द्यावी. माझ्या मते या संपूर्ण प्रक्रियेतील ही सर्वांत मोलाची पायरी आहे. दुकानात टांगलेला नमुना कुणाचाही असू शकतो, परंतु आपल्या डोळ्यांसमोर घातलेला टाका त्याच हाताचा असतो.

मी माझी झिजलेली चप्पल दिली तेव्हा कारागिरांनी टाच उपटायला घेतलीच नाही. त्यांनी दोन्ही चपला उलट्या करून मांडीवर शेजारी शेजारी ठेवल्या, डाव्या तळाच्या बाहेरच्या कडेवरून अंगठा फिरवला आणि म्हणाले, “सर, तुम्ही चालताना कडंवर भार टाकायलात. टाच नवी बसवून काई फायदा नाही. पट्टा ढिला हाय, म्हणून पाय बाहेर सरकायलाय.” मग त्यांनी पट्ट्याचे टोक मोकळे केले, रापीने, म्हणजे चामडे कापायच्या रुंद पात्याने, त्याची कड तासून पातळ केली, दगडी कुंडीतल्या पाण्यात क्षणभर बुडवली, आरीने, म्हणजे चामडे टोचायच्या हत्याराने, जुन्याच भोकांच्या अलीकडे नवी भोके पाडली आणि मेण लावलेल्या दोऱ्याने दोन्ही बाजूंनी टाका ओढत गेले. सगळे मिळून पाऊण तास लागला. चप्पल घालून उभा राहिलो तेव्हा डाव्या पोटरीवरचा ताण कमी झाल्याचे मला जाणवले. नवा जोड याच हातांना सांगायचा, हे तिथेच ठरले.

तुम्हीही एवढ्याच गोष्टी पाहाव्यात. कारागीर आधी झीज पाहतात का. टाके एकसारख्या अंतरावर पडतात का. शिवायच्या जागी निव्वळ सोल्युशन (चिकटवायचा गोंद) लावून आणि चुका (बारीक खिळे) ठोकून मोकळे होतात का. आणि जे जमणार नाही ते जमणार नाही असे स्पष्ट सांगतात का. शेवटच्या गुणाला मी सर्वाधिक महत्त्व देतो.

चामड्याची ओळख

चामडे कमावण्याच्या दोन मुख्य पद्धती आहेत. बाभळीची साल, हिरडा अशा वनस्पतिजन्य पदार्थांनी कमावलेले चामडे कडक, तपकिरी आणि घाम शोषणारे असते. ते हळूहळू पायाचा आकार घेते, पण पाण्याने बिघडते. क्रोमियमच्या क्षारांनी कमावलेले चामडे मऊ, लवचिक आणि पाण्याला अधिक टिकणारे असते, मात्र पायाच्या आकारात ते तितके स्थिरावत नाही आणि अंगाने पातळ असेल तर ताणत जाते. ओळख सोपी आहे. तुकड्याची कापलेली कड पाहावी : आतपर्यंत तपकिरी असेल तर झाडपाल्याने कमावलेले, मधोमध निळसर-करडी रेघ दिसली तर बहुधा क्रोमचे. रंग न दिलेल्या चामड्यावर पाण्याचा थेंब टाकला तर झाडपाल्याचे चामडे तो पटकन पिऊन गडद होते. रेग्झीन म्हणजे नकली चामडे; त्याची कड पाहिली की खाली कापड आणि वर प्लॅस्टिकचा थर वेगवेगळे दिसतात, त्यामुळे तिथे फसण्याचे कारण नाही.

तळासाठी झाडपाल्याचे साडेतीन ते पाच मिलिमीटर जाडीचे, पट्ट्यांसाठी दोन ते अडीच मिलिमीटरचे, आणि अस्तरासाठी मिलिमीटरभर जाडीचे शेळीचे चामडे, असा साधारण हिशेब धरावा. महाराष्ट्रात २०१५ पासून गायींप्रमाणेच बैल आणि वळू यांच्या कत्तलीवरही बंदी असल्याने तळाचे जाड चामडे प्रामुख्याने म्हशीचे मिळते. बरेच चामडे तमिळनाडू, कानपूर, कोलकाता अशा केंद्रांतूनही येते. धाराशिव-लातूरकडची उस्मानाबादी शेळी मांसाबरोबरच चांगल्या कातडीसाठीही ओळखली जाते. शेळीचे मऊ चामडे पायाच्या वरच्या बाजूला लागणाऱ्या पट्ट्याखाली अस्तर म्हणून दिले तर नवी चप्पल फारशी चावत नाही.

पट्टे जनावराच्या पाठीच्या भागातून, कण्याच्या दिशेने कापलेले असावेत, हे आवर्जून सांगावे. पोटाकडचे चामडे सैल विणीचे असते आणि महिन्याभरात ताणते. माझ्या पहिल्या जोडाचे पट्टे बहुधा तिथलेच होते. तुकडा दोन्ही हातांनी ओढून पाहिला की फरक हाताला कळतो, आणि कोणताही चांगला कारागीर तो ओढून पाहू देतो.

नमुना कोल्हापुरी धाटणीचा हवा असेल तर मराठवाड्यातील कारागीर कान (बाजूच्या पाकळ्या), वेणी (गुंफलेली पट्टी), अंगठा (अंगठ्याची कडी) यांसह तो करून देतात. मात्र “कोल्हापुरी चप्पल” या नावाचे भौगोलिक मानांकन कोल्हापूर, सांगली, सातारा, सोलापूर आणि कर्नाटकातील बेळगाव, धारवाड, बागलकोट, विजापूर या आठ जिल्ह्यांपुरते आहे. त्यांत मराठवाड्यातील एकही जिल्हा नाही. म्हणून इथे केलेल्या जोडाला कोल्हापुरी घाटाची चप्पल म्हणावे, आणि तिचे श्रेय ती करणाऱ्या इथल्या हाताला द्यावे.

माप

आपल्याकडे चालणारे सात, आठ, नऊ हे नंबर ब्रिटिश मोजणीचे आहेत. एका नंबराने लांबी सुमारे साडेआठ मिलिमीटरने बदलते. रुंदीविषयी तो नंबर काहीही सांगत नाही. त्यामुळे नंबर सांगून थांबणे म्हणजे माप न देण्यासारखेच आहे.

माप संध्याकाळी द्यावे, कारण दिवसभर उभे राहून पाय थोडे फुगतात आणि सकाळी बेतलेली चप्पल संध्याकाळी आवळते. जाड खाकी कागदावर दोन्ही पाय ठेवून, अंगाचा पूर्ण भार देऊन सरळ उभे राहावे. कारागिरांनी पेन्सिल उभी धरून बाह्यरेखा काढावी. पेन्सिल आत कलली की पंजा अरुंद उमटतो आणि सगळा घोटाळा तिथून सुरू होतो. दोन्ही पाय वेगवेगळे काढून घ्यावेत. माझा उजवा पाय डाव्यापेक्षा चार मिलिमीटरने लांब निघाला, आणि चाळीस वर्षांत हे मला ठाऊकच नव्हते. रेखाटनावर अंगठ्याच्या आणि करंगळीच्या मुळाच्या सांध्यांच्या खुणा कराव्यात. त्या दोन सांध्यांवरून फिरवलेल्या टेपचा घेर आणि पायाच्या वरच्या उंचवट्यावरचा घेर, असे दोन आकडे कागदावरच लिहावेत. कुरूप, टाचेची भेग, वाकडे बोट, जुनी जखम, जे काही असेल ते दाखवायला संकोच करू नये. तिथे पट्टा टेकू नये अशी खूण कारागीर करतात.

उघड्या चपलेच्या तळाची लांबी पायापेक्षा पुढे पाच-सहा आणि मागे तीन-चार मिलिमीटर जास्त ठेवली म्हणजे बोटे बाहेर डोकावत नाहीत आणि ठेचही लागत नाही. काही कारागीर लाकडी फर्म्यावर, म्हणजे पायाच्या आकाराच्या साच्यावर, काम करतात, तर बरेच जण केवळ या कागदावर. दोन्ही रीतींनी चांगली चप्पल होते. कागदाचा मोबाइलवर फोटो काढून ठेवावा.

भाव, विसार आणि दिवस

तळाचे चामडे वजनावर आणि वरचे चामडे चौरस फुटावर विकत मिळते, त्यामुळे मोठ्या पायाला आणि जाड तळाला जास्त पैसे पडणे स्वाभाविक आहे. कारागिरांना चामडे, तळ, बक्कल आणि मजुरी वेगवेगळी सांगायला विनंती करावी, म्हणजे कुठे काटकसर करता येईल ते दोघांनाही कळते. काटकसर करायचीच तर नक्षीत करावी, तळात आणि पट्ट्याच्या चामड्यात करू नये. निम्मी रक्कम विसार म्हणून देणे योग्य आहे, कारण चामडे त्यांना रोखीने आणावे लागते. कारखान्यातील चपलेच्या किमतीशी तुलना करून घासाघीस करणे मला अन्यायाचे वाटते. दोन दिवस एक माणूस तुमच्याच पायासाठी बसलेला असतो.

लग्नसराईत आणि पोळ्याच्या आधी या कारागिरांना उसंत नसते. माघ पौर्णिमेला संत रोहिदास जयंती असते. त्या दिवशी काम सांगायला जाऊ नये. दिवाळीनंतरचा काळ मला सर्वांत सोयीचा वाटतो : हवा कोरडी असते, चामडे नीट सुकते आणि पाऊस लागण्याआधी चप्पल पायात रुळायला सहा महिने मिळतात. वायदा करताना शेवटची तारीख ठरवण्याऐवजी कच्च्या जोडणीला, म्हणजे पक्के शिवण्याआधी घालून पाहायला, कधी येऊ, असे विचारावे.

कच्ची जोडणी

ही पायरी घाईत गाळली जाते आणि नव्याण्णव तक्रारी तिथूनच उगवतात. खालचा तळ कायमचा शिवण्याआधी पट्टे आतल्या तळाच्या खाचांतून ओवून, खालच्या बाजूला एक-दोन चुकांनी तात्पुरते अडकवलेले असतात. त्या अवस्थेत चप्पल पायात घालून पाहायची असते.

आधी नुसते उभे राहावे. मग वीसेक पावले चालावे, वळावे, उकिडवे बसून उठावे. पट्टा किंचित आवळ वाटला पाहिजे, कारण चामडे पुढे सैल पडणारच असते. मात्र बोटांना मुंग्या आल्या तर तो फारच घट्ट आहे. करंगळीच्या सांध्यावर पट्ट्याची कड येत असेल तर खाच दोन-तीन मिलिमीटर मागे घ्यायला सांगावी. टाच तळाच्या मधोमध टेकते की एका कडेला, हे स्वतःला दिसत नाही; ते कारागिरांना मागून पाहायला सांगावे. माझ्या जोडात त्यांनी डाव्या पायाच्या बाहेरच्या बाजूची खाच आत घेतली आणि टाचेच्या बाहेरच्या कडेखाली चामड्याची एक पातळ पट्टी सरकवली. तो तुकडा नखाएवढा जाडही नव्हता, पण दोन वर्षांनीही ती कड सरळ झिजत आहे.

याच वेळी पट्ट्यांची टोके पाहून घ्यावीत. ती दोन तळांच्या मध्ये निदान दोन सेंटिमीटर आत गेलेली असावीत आणि सोल्युशनशिवाय टाक्यांनीही धरलेली असावीत. पट्टा उपटून येतो तो जवळपास नेहमी इथूनच. कडा रापीने पातळ करून आत मुडपलेल्या आहेत ना, हेही बोट फिरवून पाहावे.

घरी आणल्यावर

पहिला आठवडा रोज तासभरच घालावी. पट्ट्याच्या आतल्या बाजूला एरंडेलाचा किंवा खोबरेल तेलाचा अगदी पातळ हात द्यावा. तेल निथळेल इतके लावले तर चामडे लिबलिबीत होते आणि सोल्युशन सुटते. पंधरा दिवसांनी कारागिरांकडे एक फेरी मारावी, कारण पट्टे तोवर जितके ताणायचे तितके ताणलेले असतात आणि बक्कलाचे नवे भोक किंवा एखादा टाका त्याच वेळी घालणे सोपे जाते.

भिजली तर उन्हात किंवा चुलीजवळ ठेवू नये. आत कागदाचे बोळे कोंबून सावलीत दोन दिवस वाळू द्यावी आणि ओलसर असतानाच तेलाचा पातळ हात द्यावा. काळी माती वाळल्यावर खरवडून काढण्यापेक्षा ओली असतानाच फडक्याने पुसणे बरे. पावसाळाभर कपाटात ठेवायची असेल तर वर्तमानपत्रात गुंडाळून, प्लॅस्टिकच्या पिशवीत न घालता ठेवावी, आणि पंधरवड्याने बाहेर काढून बुरशी आली आहे का ते पाहावे. खालची रबरी शीट झिजून चामड्यापर्यंत पोहोचण्याआधी बदलून घ्यावी. चामडे झिजू लागल्यावर टाके तुटतात आणि मग सगळा तळ बदलावा लागतो.

तुमच्या पायांचा कागद कारागिरांनी ठेवून घेतला असेल तर त्यावर नाव आणि तारीख लिहायला सांगावे. दुसरा जोड करताना तोच कागद जमिनीवर पसरून त्यावर पुन्हा उभे राहावे, कारण वय, वजन आणि बाळंतपण यांनी पाय बदलतो. रेषा जिथे जुळत नाही तिथे नवी ओढून घ्यावी.